१७७६ च्या आसपासच्या अमेरिकन सह्या : तीन लॉट समोर आहेत, कोणता घ्यावा?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. ब्रिटिश इंडियाच्या नोटा आणि संस्थानी स्टॅम्पपेपर बऱ्यापैकी जमले आहेत. आता अमेरिकेच्या वसाहतकाळातली एखादी अस्सल सही संग्रहात यावी असं मनात आहे. बजेट सगळं धरून दीड लाख रुपये, म्हणजे लिलावाचा प्रीमियम (बोलीवर लिलावगृह लावतं ते कमिशन), कुरियर, कस्टम त्यातच. पुढच्या पंधरवड्यात तिकडच्या वेगवेगळ्या लिलावांत तीन लॉट येतायत. कॅटलॉगमधलं वर्णन थोडक्यात देतो.

लॉट १ : थॉमस लिंच ज्युनिअर, साउथ कॅरोलिना, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी एक. पुस्तकाच्या कोऱ्या पानावरून कापलेली सही, फक्त "थॉस लिंच" एवढीच. सोबत विक्रेत्याचं स्वतःचं प्रमाणपत्र. अंदाज १,२०० ते १,५०० डॉलर.

लॉट २ : न्यू जर्सीची ६ शिलिंगची नोट, २५ मार्च १७७६. तीन सह्या, त्यात एक जॉन हार्टची. पीएमजीच्या (नोटा तपासून दर्जा देणारी कंपनी) सीलबंद होल्डरमध्ये. अंदाज ५०० ते ७०० डॉलर.

लॉट ३ : पेनसिल्व्हेनियातलं जमिनीचं पेटंट (सरकारने जमीन दिल्याचा दस्त), चर्मपत्रावर, मे १७७४, "तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीचं चौदावं वर्ष". खाली लोंबती मोहोर, वर "जॉन पेन" अशी सही. वर्णनात "जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन पेन" असं ठळक लिहिलंय. अंदाज ८०० ते १,००० डॉलर.

तिन्ही ठिकाणी माल पसंत पडला नाही तर ३० दिवसांत परत घेतात. तेव्हा मागवून, घरी निवांत तपासून मग ठरवावं असा विचार आहे. यात काही अडचण आहे का? आणि घर खाडीच्या बाजूला असल्याने पावसाळ्यात ओल भरपूर असते, त्याचं काय करावं?

जुनाकागद

लॉट १ सोडून द्या. लिंच ज्युनिअर हा या ५६ जणांच्या सेटमधला बटन ग्विनेटच्या खालोखाल दुर्मीळ मानला जाणारा माणूस. ग्विनेट मे १७७७ मध्ये लॅक्लन मॅकिंटॉशबरोबरच्या द्वंद्वात जखमी होऊन तीन दिवसांत गेला, त्यामुळे त्याच्या सह्या पन्नासच्या आसपासच शिल्लक आहेत. २०१० मध्ये त्याचं एक पत्र सदबीजमध्ये ७,२२,५०० डॉलरला गेलं. लिंच १७७९ च्या अखेरीस जहाजासकट समुद्रात बेपत्ता झाला, वय तिशीचं. त्याची पत्रं जवळपास नाहीतच. बाजारात जे येतं ते बहुतेक त्याने आपल्या पुस्तकांवर घातलेल्या नावाचे कापलेले तुकडे, आणि खात्रीचा तुकडा मिळाला तर किंमत लाखोंच्या घरात जाते. तो दीड हजार डॉलरला मिळत असेल तर विकणाऱ्यालाच त्याची खात्री नाही असं समजा.

इथे अडचण दुहेरी आहे. एक, त्याचे वडीलही थॉमस लिंच. तेही काँटिनेंटल काँग्रेसमध्ये (वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा) होते, १७७६ च्या सुरुवातीला त्यांना पक्षाघाताचा झटका आला म्हणून मुलाला पाठवलं गेलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वडील वारले. पुढे "ज्युनिअर" नसलेली नुसती "थॉस लिंच" सही बापाची असू शकते, आणि बापाने जाहीरनाम्यावर सही केलेली नाही. दोन, जुन्या पुस्तकाचं कोरं पान हाच बनावट सही करणाऱ्यांचा लाडका कच्चा माल. अठराव्या शतकातला खराखुरा कागद, आणि वर काही लिहिलेलं नाही. म्हणजे कागद अस्सल निघाला तरी या लॉटबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

लॉट ३ ची गंमत उलटी आहे. दस्तऐवज बहुधा शंभर टक्के खरा, माणूस मात्र दुसराच. जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन पेन (मृत्यू १७८८) हा व्हर्जिनियात जन्मलेला वकील, १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात गेला आणि तिथला प्रतिनिधी झाला. पेनसिल्व्हेनियात जमिनीची पेटंटं सही करून देणारा जॉन पेन (१७२९–१७९५) हा विल्यम पेनचा नातू आणि त्या प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर. तो १७६३ ते १७७१ आणि पुन्हा ऑगस्ट १७७३ पासून १७७६ पर्यंत पदावर होता. मधली दोन वर्षं त्याचा भाऊ रिचर्ड होता. म्हणजे मे १७७४ ची तारीख गव्हर्नर पेनशी चपखल जुळते. सनावळीही जुळते: तिसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला, त्यामुळे चौदावं वर्ष म्हणजे २५ ऑक्टोबर १७७३ ते २४ ऑक्टोबर १७७४. हा हिशेब पाठच करून ठेवा. कारकिर्दीचं वर्ष आणि इसवी सन जुळत नसतील तर पुढे भिंग हातात घ्यायचीही गरज नाही.

गव्हर्नर पेनचं पेटंट म्हणून हा सुंदर नग आहे, पण त्या नावाला पडणारा भाव वेगळा, बराच खालचा. जाहीरनाम्याच्या नावाखाली त्याला ८०० द्यायचे नाहीत. अशा नावांच्या जोड्या बऱ्याच आहेत: जाहीरनाम्यावरचा रॉबर्ट मॉरिस फिलाडेल्फियाचा व्यापारी, तर न्यू जर्सीचा सरन्यायाधीश रॉबर्ट मॉरिस वेगळा, थॉमस नेल्सन ज्युनिअर वेगळा आणि व्हर्जिनियाचा सेक्रेटरी थॉमस नेल्सन हा त्याचा काका. लिलावात नाव पाहिलं की आधी पद, गाव आणि तारीख पाहायची.

राहिला लॉट २, आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी. वसाहतींच्या नोटांवर सह्या छापत नसत, प्रत्येक नोटेवर ठरवून दिलेली माणसं हाताने सही करत. न्यू जर्सीच्या या मालिकेवर रॉबर्ट स्मिथ, जॉन हार्ट आणि जॉन स्टीव्हन्स ज्युनिअर यांच्या सह्या असतात. हार्टने या नोटा ढिगाने सही केल्या म्हणून ५६ पैकी एकाची खरी सही सर्वसामान्याच्या आवाक्यात येते, तीही जाहीरनाम्याच्या तीन-साडेतीन महिने आधीच्या तारखेची. छपाई बर्लिंग्टनच्या आयझॅक कॉलिन्सची. मागच्या बाजूला झाडाच्या पानाचा ठसा आणि नक्कल करणाऱ्याला मृत्युदंड अशी धमकी. पानाच्या ठशाची युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची; शिरांची जाळी कोरून नक्कल करणं त्या काळी जवळपास अशक्य होतं.

ऐरोलीकर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पण "मागवून, घरी तपासून, नाही पटलं तर परत" ही योजना मात्र पहिल्या पायरीवरच मोडा.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. त्यात ऐतिहासिक मूल्य असलेलं हस्तलिखित, अभिलेख किंवा दस्तऐवज ७५ वर्षं जुना झाला की तो पुरावशेष ठरतो. बाकी वस्तूंना १०० वर्षांची अट. भारतातच तयार झालेला असला पाहिजे असं त्या व्याख्येत नाही. आणि कलम ३ प्रमाणे पुरावशेषाची निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. म्हणजे १७७४ चं चर्मपत्र एकदा आपल्या दारात आलं की फिलाडेल्फियाला परत पाठवणं हा सरळ कुरियरचा विषय राहत नाही. बनावट निघालं तर? तेव्हाही कुरियरवाला आणि कस्टम तुमच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या समितीकडून पुरावशेष नसल्याचा दाखला आणा म्हणतील. तोवर ३० दिवस कुठच्या कुठे.

तेव्हा जे तपासायचं ते अमेरिकेत, पार्सल निघण्याआधी. व्यवहारात याचा क्रम असा लावा:

लिलावाआधी लिलावगृहाला मेल करून तीन गोष्टी मागा. दोन्ही बाजूंचा ६०० डीपीआयचा स्कॅन, प्रकाशासमोर धरून काढलेला फोटो, आणि मालकीची साखळी, म्हणजे आधीच्या विक्रीचा कॅटलॉग किंवा बिल. पीएमजीच्या होल्डरवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो ताडून पाहा. होल्डरही बनावट येतात. होल्डर नसलेला कागद असेल तर जिंकल्यावर तिकडच्या तिकडे त्रयस्थ तज्ज्ञाकडे पाठवण्याची मुभा आहे का आणि निकाल विरुद्ध गेला तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. प्रोफेशनल ऑटोग्राफ डीलर्स असोसिएशनच्या सदस्याकडून घेतलं तर अस्सलपणाची हमी मुदतीशिवाय असते; लिलावगृहांच्या अटी निरनिराळ्या, त्या आधी वाचा. विक्रेत्याने स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र रद्दीत घाला.

पैसे बँकेतून पाठवताना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) ए-२ फॉर्म भरावा लागतो. वार्षिक मर्यादा अडीच लाख डॉलर. आर्थिक वर्षात एकूण १० लाख रुपयांच्या आत पाठवलंत तर टीसीएस (पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) नाही. तुमच्या बजेटला तो प्रश्नच येत नाही.

कस्टमसाठी बिलावर वर्णन पूर्ण हवं: "हाताने सही केलेली कागदी नोट, न्यू जर्सी वसाहत, १७७६, चलनात नाही, संग्राह्य ऐतिहासिक वस्तू". कस्टमच्या दरपत्रकातल्या शीर्षक ९७०५ मध्ये (संग्राह्य वस्तू) बसवायला सांगा. १०० वर्षांवरच्या पुरातन वस्तूंचं ९७०६ वेगळं आहे, पण आधीच्या शीर्षकात बसणारी वस्तू तिथे जात नाही. कुरियर कंपन्या कधी कधी पाकिटावर नुसतं "डॉक्युमेंट, मूल्य शून्य" लिहितात. तसं करू देऊ नका. खोटं जाहीर केलं म्हणून माल अडकतो, आणि हरवला तर विम्याचा दावाही शून्याचाच होतो. शुल्क मालाची किंमत, कुरियर आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं आणि त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणून क्लिअरिंग एजंटकडून त्या आठवड्याचा दर आधी विचारून घ्या. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) जन्मभर जपा. उद्या कोणी विचारलं की हा कागद भारतात कधी, कसा आला, तर उत्तर फक्त त्या कागदाकडे आहे.

न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर मागवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्या राज्याचा विक्रीकर बिलात चढू शकतो, आणि बॅगेतून आणलं तरी विमानतळावर जाहीर करावं लागतंच. एक फायदा मात्र खरा: परतीची मुदत संपेपर्यंत वस्तू अमेरिकेतच राहते.

कोलशेतकर

डोळे उघडले, धन्यवाद. लॉट १ बाद. लॉट २ चे स्कॅन मागवले आणि आलेही. होल्डरवर ग्रेडसमोर "नेट" असं आहे आणि खाली दुरुस्तीचा उल्लेख. उभ्या घडीवर मागून काहीतरी चिकटवल्यासारखी फिकट पट्टी दिसते. हार्टची सही तपकिरी, स्पष्ट. स्मिथची बरीच उडालेली. हे कितपत वाईट? आणि पुढेमागे होल्डर नसलेला कागद बघायची वेळ आली तर नुसत्या स्कॅनवरून काय ओळखता येतं?

टाकदौत

"नेट" म्हणजे कागदाची अवस्था एका दर्जाची आहे, पण दुरुस्ती, धुणं, कापलेल्या कडा असं काहीतरी दोषास्पद आहे. या नोटांचा वापर फार झाला. घडीवर फाटली की लोक दोऱ्याने शिवत किंवा टाचणी लावत, पुढे संग्राहकांनी मागून पातळ कागद चिकटवले. घडीवरची जुनी दुरुस्ती चालते, किंमत तेवढी कमी धरा. चालत नाही ते दोन प्रकार: नोट धुतलेली, आणि सही पुन्हा गिरवलेली. सही हाच तुमचा माल असल्याने गिरवलेली सही म्हणजे नोटच गेली.

आता तुमच्या स्कॅनमध्ये हार्ट स्पष्ट आणि स्मिथ उडालेला आहे, हे नीट पाहायला हवं. प्रत्येकाची दौत वेगळी, शाईत हिराकस (लोहाचा क्षार) कमीजास्त, त्यामुळे तीन सह्या तीन छटांच्या असणं स्वाभाविक आहे. तिन्ही सह्या अगदी एकाच रंगाच्या असतील तरच मला शंका येते. पण फक्त महागडी सही ताजी आणि बाकी सगळं, हाताने घातलेल्या क्रमांकासकट, उडालेलं असेल तर २,४०० डीपीआयचा तेवढ्या भागाचा स्कॅन मागा. मूळ रेघेच्या बाजूने दुसऱ्या रेघेची कड डोकावते का, वळणावर हात थांबून पुन्हा सुरू झाल्याच्या गाठी दिसतात का, ते बघा. खरी सही धावती असते. "हार्ट"च्या शेवटच्या अक्षराची आडवी रेघ सुटताना निमुळती होते, गिरवणारा तिथे बोथट थांबतो.

नुसत्या स्कॅनवर कळणाऱ्या गोष्टी सांगतो.

कागद. त्या काळचा हातकागद चिंध्यांचा, जाळीच्या साच्यात केलेला. प्रकाशासमोर धरला की जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, साधारण इंचभर अंतरावरच्या ठळक रेषा दिसतात. बिनरेषांचा गुळगुळीत कागद इंग्लंडमध्ये १७५७ च्या सुमारास आला, अमेरिकेत तो रुळायला शतक संपत आलं. १७६० च्या फिलाडेल्फियातल्या पत्राला असा कागद असेल तर मला पुढचं काही ऐकायचं नाही. काँटिनेंटल काँग्रेसच्या नोटांचा कागद विलकॉक्स घराण्याच्या आयव्ही मिलचा, त्यात अभ्रकाचे चमकणारे कण आणि निळे धागे मुद्दाम घातलेले असत. स्कॅनमध्ये अभ्रक चमकत नाही, तिरक्या उजेडातला फोटो लागतो.

शाई. मायफळ, हिराकस, डिंक. लिहिताना फिकी, एक-दोन दिवसांत काळी, आणि शतकभरात तपकिरी. जाड दाब पडलेल्या जागी मागच्या बाजूला तपकिरी उमटलेली दिसते. पिसाच्या टाकाने रेघ जाड-बारीक होते पण कागदावर ओरखडा पडत नाही. रेघेच्या दोन्ही कडांना समांतर चर दिसले तर ते स्टीलच्या निबाचं काम, आणि स्टीलचे निब सर्वत्र झाले १८२० च्या दशकानंतर.

घडी. सगळ्यात भरवशाची खूण हीच. पत्र आधी लिहिलं जातं, मग घडी घालतात. त्यामुळे घडीवर शाई भेगाळते, खरवडते. शाई घडीच्या तुटलेल्या तंतूंमध्ये पसरून केसाळ दिसत असेल तर कागद आधी जुना आणि घडी पडलेला होता, लिखाण नंतरचं. कसरीच्या भोकांचंही तसंच: भोक अक्षराला छेदून जातं ते ठीक; अक्षर भोकाला वळसा घालून जात असेल किंवा भोकाच्या कडेत शाई झिरपली असेल तर हसून पान उलटा.

तारीख. ब्रिटिश साम्राज्यात २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता. ३ ते १३ सप्टेंबर १७५२ या तारखेचा अमेरिकन वसाहतीतला सरकारी कागद असूच शकत नाही. त्याआधी नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून जानेवारी ते मार्चच्या कागदांवर "१७३१/२" अशी दुहेरी सालं दिसतात. ती दिसली तर चूक समजू नका, उलट बरं वाटू द्या.

हातात आल्यावर ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च पाच मिनिटांत बरंच सांगते. १९५० नंतरच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, तो निळा-पांढरा पेटतो. जुना कागद मंद राहतो; सरसाची खळ असल्याने किंचित पिवळट-पांढरा दिसेल, त्याने दचकू नका. जुनी शाई अतिनील किरणं शोषते आणि गडद दिसते, त्यामुळे धुवून काढलेलं मूळ लिखाणही कधी कधी उगवतं. संग्रहालयांच्या दुकानात मिळणाऱ्या चुरगळलेल्या, खडखडणाऱ्या पिवळ्या "चर्मपत्री" नोटा टॉर्चशिवायही ओळखता येतात: सही आणि छपाई एकाच तपकिरी रंगात, भिंगाखाली सहीला छपाईवर चढलेली वेगळी शाई नाही.

बनावटगिरी करणाऱ्यांची दोन नावं माहीत असू द्या. रॉबर्ट स्प्रिंग (१८१३–१८७६) हा जन्माने इंग्रज, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरमधून जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाचे बनावट चेक आणि चौकीपार जायचे पास विकत असे. त्याचा माल आज स्वतःच दीडशे वर्षांचा आहे, त्यामुळे "कागद किती जुना वाटतो" यावर जाणारे हमखास फसतात. दुसरा मार्क हॉफमन. १९८५ मध्ये त्याने "ओथ ऑफ अ फ्रीमन" हा सतराव्या शतकातला हरवलेला छापील कागद शोधून काढल्याचा देखावा केला, आणि आपलं बिंग फुटू नये म्हणून त्याच ऑक्टोबरात सॉल्ट लेक सिटीत बाँबने दोघांचे जीव घेतले. त्याने जुन्या पुस्तकांची कोरी पानं आणि जुन्याच कृतीची शाई वापरली होती, पण शाई कृत्रिमरीत्या जुनी केल्याने तिच्यातल्या डिंकाच्या थराला सूक्ष्मदर्शकाखाली सुसरीच्या पाठीसारख्या भेगा दिसल्या. विल्यम फ्लिन आणि जॉर्ज थ्रॉकमॉर्टन या तपासनिसांनी ते पकडलं. शंभरपट मोठं करणारा यूएसबी सूक्ष्मदर्शक आता स्वस्त झालाय, तो घ्याच.

ठाणेकर_७६

एवढं करण्यापेक्षा लॅमिनेट करून दिवाणखान्यात फ्रेम लावली की झालं! ओल नाही, कसर नाही.

बेलापूरची_वाचक

@ठाणेकर_७६, लॅमिनेशन केलेला दस्तऐवज दुरुस्त होत नाही आणि विकलाही जात नाही. उष्णतेने प्लॅस्टिक तंतूंत शिरतं, आतलं आम्ल आतच राहतं. फ्रेम हवी तर रंगीत प्रत लावा, मूळ कागद पेटीत. मूळच लावायचा हट्ट असेल तर अतिनील अडवणारं ॲक्रिलिक, ५० लक्सच्या आत उजेड आणि वर्षातले दोन-तीन महिनेच.

@कोलशेतकर दादा, खाडीकाठी खरा शत्रू शाईतलाच आहे. मायफळाच्या शाईत जास्तीचं लोह आणि गंधकाम्ल असतं. हवा दमट झाली, सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की ते लोह शाईतून बाजूच्या कागदात सरकतं, अक्षराभोवती तपकिरी वलय पडतं आणि काही वर्षांनी अक्षर चौकटीसारखं गळून पडतं. ७० च्या वर बुरशी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे खिडकी उघडी असेल तर ८५-९० हा रोजचाच आकडा.

म्हणून खोली कोरडी करायच्या फंदात पडू नका, डबा कोरडा करा. झाकणाला रबराची कड असलेला पॉलिप्रॉपिलीनचा १० लिटरचा हवाबंद डबा, आत २०० ग्रॅम सिलिका जेल. पण भट्टीतून काढलेलं कोरडंठाक जेल थेट घालू नका, ते आतली आर्द्रता फार खाली खेचतं आणि चर्मपत्र आक्रसतं. जेल आधी ११० अंशांना दोनेक तास वाळवा, मग ४५-५० टक्के आर्द्रतेच्या एसी खोलीत ताटात पसरून ठेवा आणि रोज वजन करा. वजन वाढायचं थांबलं की ते त्या आर्द्रतेला स्थिरावलं, तेव्हा डब्यात. रंग बदलणारं घेणार असाल तर नारिंगी, निळ्यात कोबाल्ट असतं. डब्यात ४० ते ५० दाखवणारं छोटं डिजिटल हायग्रोमीटर ठेवा आणि त्याच्यावर आंधळा विश्वास नको: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर लगदा होईल इतकेच पाण्याचे थेंब, मीटरसकट झिपच्या पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर चार मिळवून वाचायचं.

पीएमजीचा होल्डर जसा आहे तसा राहू द्या, फोडला की प्रमाणपत्र संपलं. सुट्या कागदाला पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट, दोन कडा उघड्या. पीव्हीसीचे अल्बम, सेलोटेप, फेव्हिकॉल, घरची खळ, सगळं वर्ज्य. शाईवर पाण्याचा ओला हात तर अजिबात नाही, कारण पाण्याबरोबर लोह पसरतं आणि दुरुस्तीच्या जागीच नवा डाग पडतो. शाई कितपत धोक्याची आहे हे बघायला बॅथोफेनॅन्थ्रोलिनच्या चाचणीपट्ट्या मिळतात, किंचित ओली करून टेकवली की मोकळं लोह असल्यास गुलाबी-किरमिजी होते. हेही काम कागदसंवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या. डांबरगोळ्या नकोत. कसरीला सरसाची खळ आवडते, तेव्हा डबा जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता, आणि महिन्याला एकदा उघडून बघणे हाच उपाय.

पार्सल पावसाळ्यात आलं तर एसीतून आलेलं पाकीट लगेच फोडू नका. २४ तास तसंच ठेवा, नाहीतर गार कागदावर वाफ बसते. पुढे कधी चर्मपत्र घेतलंत तर ते पालथं वळलं म्हणून इस्त्री नको, पुस्तकाखाली दाबणंही नको. लोंबती मोहोर असेल तर तिच्या उंचीचा कोनाडा कापलेली आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी लागते, कारण सगळं वजन त्या फितीवर येतं.

बँकेच्या लॉकरचा विचार येईलच. तळमजल्याच्या, तळघराच्या लॉकरखोल्या दमट असतात आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याचा अपहार यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. पूर, भूकंप त्यात नाही. ठेवायचंच तर वरच्या मजल्याची शाखा, आणि डबा तोच हवाबंद.

जुनाकागद

एक राहिलं होतं, आणि लॉट ३ किंवा तसलं काही पुढे घ्याल तर उपयोगी पडेल. कागद कोणाच्या फायलीतला आहे हे बघा. जमिनीचं पेटंट सरकारने माणसाला दिलं, ते त्याच्या घरात राहणं रास्त. पण कोर्टात दाखल झालेलं आरोपपत्र, गव्हर्नरला आलेला अर्ज, तिजोरीतली पावती हे सरकारी दप्तर, आणि ते बाजारात आलंय म्हणजे कधीतरी कोणीतरी बाहेर काढलंय. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये विल्यम हूपरच्या सहीची १७६७-६८ ची दोन आरोपपत्रं संग्राहकाकडून राज्याला परत देवविली. हूपर हाही ५६ पैकी एक. अलेक्झांडर हॅमिल्टनने (वॉशिंग्टनचा सहायक) २१ जुलै १७८० ला फ्रेंच सेनानी लाफायेतला लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्सच्या अभिलेखागारातून चोरीला गेलं होतं, ते २०१८ मध्ये लिलावाला आलं आणि शेवटी राज्याकडेच परत गेलं. किती पिढ्या हातात होतं याने फरक पडला नाही. मागच्या बाजूला नोंदणी क्रमांक, फाइलचा शेरा, शिक्का खरवडल्याची जागा दिसली तर हात आखडता घ्या.

लॉट ३ च्या लिलावगृहाला जॉन पेनबद्दल मेल करा. चांगली मंडळी वर्णन दुरुस्त करतात आणि अंदाजही खाली आणतात. मग तो बघण्यासारखा होईल.

कोलशेतकर

मेल केला, वर्णन दुरुस्त करतो म्हणाले. लॉट २ चा मोठा स्कॅन आला: हार्टच्या रेघा एकेरी, शेवट निमुळता, क्रमांकाची शाईही तेवढीच टिकलेली. फक्त स्मिथच फिकट आहे. बोली लावतोय. कमाल किती जावं?

ऐरोलीकर

सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरू. हॅमर (म्हणजे जिंकणारी बोली) ६००, प्रीमियम २५ टक्के म्हणजे १५०, विम्यासकट कुरियर ९० धरलं तर ८४० डॉलर, रुपयांत ७५,६००. त्यावर तिसरा हिस्सा कस्टम, एजंट आणि बँकेच्या खर्चासाठी बाजूला ठेवा, एक लाखाच्या आसपास बसतं. दीड लाखापर्यंत ताणता येईल, पण ताणू नका. "नेट" होल्डर आहे आणि मागून पट्टी आहे, अंदाजाच्या वरच्या टोकाला तो नग जायला नको. हार्टची ६ आणि १२ शिलिंगची नोट वर्षात अनेकदा येते. ६०० ला थांबा. आणि बोली लावण्याआधी कुरियरचा विमा पूर्ण किमतीचा मिळतो का ते लेखी विचारा, काही कंपन्या कागदी चलनाचा विमाच घेत नाहीत.